ब्रेक सोडायच्या आधी

लिफ्टच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि त्याने पोलिसाला एक चप्पल दिली. मग दुसरी दिली. मग चष्मा, मग मनगटावरचं घड्याळ. फरशीवर आडव्या पडलेल्या पोलिसाचे हात एकेक वस्तू घेऊन बाजूला मांडून ठेवत होते, एखाद्या दुकानदारासारखे. कुणीतरी चित्रावर मजकूर टाकला होता : ‘सामान ठेवण्याची सोय मोफत.’

मिस्त्री पोट धरून हसला. हसता हसता त्याने ती क्लिप घरच्यांच्या ग्रुपवर ढकलली आणि खाली हसरे चेहरे टाकले, अंगठ्याखाली येतील तेवढे.

बारा मजली कचेरीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो आणि त्याचा जोडीदार जाड्या चहा घेत बसले होते. दोघंही लिफ्ट दुरुस्त करणारे. जाड्या नावालाच जाड्या, अंगावर मांस म्हणून नाही. डोक्याशी मोटर घरघरत होती. या खोलीत क्लिप बघायची ती मुकीच. मोटरीपुढे फोनचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून कुणी तो चालूही करत नाही.

गावभरच्या लिफ्टवाल्यांचा एक ग्रुप होता, नाव ‘खालीवर’. लिफ्टमध्ये लोक एकटे असले की काय काय करतात ते लिफ्टच्या कॅमेऱ्यात दिसतं, आणि कॅमेऱ्याची किल्ली यांच्याच खिशात. कुणी आरशात बघून नाचतं, कुणी नाकात बोट घालतं, कुणी चुंबन घेतं. ते सगळं ‘खालीवर’वर येणार, आणि आलं की पुढे ढकलायचं, ही तिथली रीत. न ढकलणारा शिष्ट ठरायचा. मिस्त्रीनेही पुष्कळ टाकलं होतं. एकदा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्याला लघवी आवरली नाही आणि तो खिशातल्या रुमालाने फरशी पुसत बसला, ती क्लिप मिस्त्रीचीच. ती फार चालली होती.

“मिस्त्री, पुढचं बघितलंस का?” जाड्या मोटरीच्या वरताण ओरडला. “पुढं तर लई बहार आहे. हा कोण गाढव मेकॅनिक धरून आणलाय बघ. मेन बंद न करता ब्रेकला हात घालतोय!”

“हॅ! असं कोण करेल?”

“अरे बघ की. लाल दिवा चालू आहे. मध्येच करंट आला असता तर पोरगं थेट छताला चिकटलं असतं. याला लायसन कुणी दिलं? नाक्यावर पंक्चर काढायची लायकी नाही याची.”

मिस्त्रीने जाड्याच्या फोनात डोकं घातलं. गंजी आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट घातलेला एक पाठमोरा माणूस. वळला तेव्हा तोंडाच्या जागी धुरकट गोळा. पोलिसांकडून चित्रण बाहेर देताना तोंडं अशी झाकून देतात.

माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. मिस्त्रीने स्वतःला ओळखलं नाही. त्याने मशीन ओळखलं. हिरवा रंग उडालेला गिअरचा डबा, आणि त्याखाली थरथर थांबवायला ठोकलेली लाकडी पाचर. ती पाचर त्याने स्वतः तासली होती, जुन्या पाटाच्या फळीची. असं मशीन दुनियेत एकच होतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या इमारतीच्या डोक्यावर होतं.

म्हणजे पाठ त्याची होती. आणि फटीतून चपला देणारा हात त्याच्या पोराचा होता.

“काय रे, तोंड का असं झालं तुझं?” जाड्याने विचारलं.

“चहा गरम होता,” मिस्त्री म्हणाला. चहा केव्हाच निवला होता.

तो गच्चीवर आला. दार लावलं, पाण्याच्या टाकीमागे गेला, क्लिप पहिल्यापासून लावली आणि या खेपेला आवाज चालू करून फोन कानाला लावला.

आधी पोलिसाचा आवाज. “अजून काय आहे खिशात? सगळं दे माझ्याकडे. मी कुठे जात नाही, इथेच आहे.” मग जिन्यावर बुटांचा आवाज, धाप. मग मशीनची खोली. आणि मग एक आवाज, ज्यातली नावं पिपाणीसारखा आवाज घालून झाकली होती, बाकी सगळं लख्ख :

“साहेब, मी ब्रेक सोडत नाही. राहू दे त्याला तिथंच. तोपण सुटेल आणि आम्हीपण सुटू.”

विंचू झटकावा तसा मिस्त्रीने फोन कानापासून काढला.

हे तो बोलला होता. आदल्या वर्षी, भर दुपारी, शुद्धीत. पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दोन वर्षांत घरात एकही काच शाबूत राहिली नव्हती. पोराने आईवर हात उचलला होता, आणि शेजाऱ्यांनी वर येणं सोडून दिलं होतं. त्या दुपारी पोरगा आईच्या झोपेच्या गोळ्या गिळून लिफ्टमध्ये शिरला आणि मजल्यांच्या मध्येच त्याने आतली जाळी ओढून धरली. जुनी लिफ्ट, जाळी उघडली की जागच्या जागी थांबते. बायको खाली आरडाओरडा करत होती, तिला कुणीतरी धरून ठेवलं होतं. मिस्त्रीने बोलावलेला पोलीस आला आणि चौथ्या मजल्याच्या फरशीवर आडवा पडून वीतभर फटीतून पोराशी बोलत राहिला. मिस्त्री वर गेला तो ब्रेक सोडून लिफ्ट मजल्याला आणायला. पाच मिनिटांचं काम.

तो मशीनपाशी जाऊन खाली बसला. बसूनच राहिला.

लिफ्ट हलेना म्हणून पोलीस धापा टाकत वर आला, तेव्हा मिस्त्रीच्या तोंडून ते वाक्य गेलं. पुढे जे झालं ते क्लिपमध्येही होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. पोलीस काही बोलला नाही. त्याने बोटाने स्वतःच्या छातीवर टकटक केलं, जिथे कॅमेरा होता. मिस्त्री धडपडत उठला आणि मेन बंद करायचं विसरून त्याने ब्रेक सोडला. इतका घाबरला होता.

घरात वेगळीच हकिकत नांदत होती. मशीन अडकलं होतं, बापाने जिवाची पर्वा न करता ब्रेक सोडला, बापामुळे पोरगा वाचला. बायको ही हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मिस्त्री खाली मान घालून ऐकायचा. लोकांना वाटायचं, काय नम्र माणूस! पोरगा औषधांवर आला, माणसांत आला, पार्सलच्या गोदामात कामाला लागला. पहिल्या पगारात त्याने बापासाठी चामड्याची हत्यारांची पिशवी आणली. आईच्या समोर म्हणाला, “तुम्ही नसता तर मी नसतो, बाबा.”

ती पिशवी आता आत जाड्याच्या शेजारी पडली होती, आणि मिस्त्रीचं ते वाक्य जगाच्या हातात.

घरच्यांच्या ग्रुपवर त्याने उघडून बघितलं. मेहुण्याने उत्तर टाकलं होतं : “दाजी, हा पोलीस आहे की हमाल?” भाचीने हसून लोळणारं मांजर टाकलं होतं. ग्रुपवर पोरगाही होता. मिस्त्रीने घाईघाईने क्लिप काढून टाकली. कुणी कुणी आधीच बघितली होती ते फोन दाखवत होता, पण तेवढं बघायचा त्याला धीर झाला नाही. बघितली असेल तर मुकी बघितली असेल, असं तो मनाशी म्हणाला. गोदामात पण आवाज असतो.

पोराने ते वाक्य ऐकता कामा नये. बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

“घरी काम निघालंय,” असं जाड्याला सांगून तो निघाला आणि थेट पोलिसांच्या अभिलेख कचेरीत गेला.

पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असतो हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यातलं चित्रण जनतेला मागता येईल, असा कायदा झाला. कायदा चांगला आहे. पोलीस कुणाच्या पाठीत काठी घालतो ते कळायलाच हवं, आणि जे म्हणतात की नको कळायला, त्यांच्या पाठीत एकदा बसू दे, मग बोलू. पण जनता म्हणजे कोण? ज्याच्या पाठीत बसली तो फुटक्या खिडकीपाशी उभा राहून कंटाळून घरी जातो. रोज येऊन मागतात ते दोघं-तिघं चॅनेलवाले, ज्यांना दुसऱ्याच्या घरातलं रडणं कापून, त्यावर मजकूर चिकटवून विकायचं असतं. आणि विकत घेणारे आपण. पोट धरून हसणारे. मिस्त्रीसारखे.

खिडकीपलीकडे चष्मा डोक्यावर सरकवलेल्या एक बाई होत्या. मिस्त्रीच्या मागे रांग. त्याच्या पाठीला लागून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाला लसणाचा वास येत होता, इतका तो जवळ होता.

“ताई, एक चित्रण बाहेर आलंय. ते बंद करायचंय.”

“तुम्ही कोण त्यातले?”

मिस्त्रीने मागे बघितलं. “मी... त्या लिफ्टच्या क्लिपमधला आहे.”

“लिफ्टची! ती होय?” मागचा लसूणवाला खूश झाला. “ते चपलावाले तुम्ही? वा, वा!”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “मी नाही तो.”

“मग कोण?” बाईंनी विचारलं. “बघा, त्यात तोंडं झाकलेली आहेत, नावं काढलेली आहेत. ओळखू येणारं काही राहिलंय असं तुमचं म्हणणं असेल तर तसं सांगावं लागेल. काय राहिलंय?”

“आवाज.”

“कुणाचा?”

“मेकॅनिकचा.”

“म्हणजे तुम्ही मेकॅनिक.”

रांग गप्प झाली. अशा वेळी रांग ऐकते, तेव्हा कुणाला घाई नसते.

“हो,” मिस्त्री म्हणाला.

“ठीक आहे. तुमचाच आवाज आहे हे आम्हाला पटलं पाहिजे. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल माझा आवाज काढा. हरकत नोंदवताना ते वाक्य इथे यंत्रात म्हणून दाखवायचं, आम्ही दोन्ही आवाज ताडून बघतो. आणि एक लक्षात घ्या, तुमची हरकतसुद्धा सरकारी कागद झाली. मागितली तर तीही द्यावी लागते.”

“माझ्या नावासकट?”

“हरकत निनावी कशी असेल?”

मिस्त्री बाईंकडे बघतच राहिला. आपलं तोंड झाकायचं असेल तर आधी ते दाखवा, असा हा कारभार. आतापर्यंत निदान कुणाला माहीत तरी नव्हतं की तो धुरकट गोळा कोण आहे.

बाईंनी खिडकीतून एक छोटं यंत्र पुढे सरकवलं. “बोला. कोणतं वाक्य?”

मिस्त्रीने तोंड उघडलं. “साहेब, मी ब्रेक...” एवढंच झालं. आदल्या वर्षी ज्या तोंडातून ते वाक्य सरळ निघालं होतं, त्याच तोंडात ते आता मासळीच्या काट्यासारखं आडवं बसलं. मागून लसूणवाला म्हणाला, “बोला की राव, लाजता काय बायकांसारखे!”

त्यावर दोघंतिघं हसले. मिस्त्रीने यंत्र परत सरकवलं आणि बाजूला झाला. लसूणवाला पुढे आला, खिडकीवर कोपर टेकवलं आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या भांडणाचं चित्रण मागू लागला.

रांग संपेपर्यंत मिस्त्री भिंतीला टेकून होता. जावं कुठे, हे सुचत नव्हतं. शेवटी बाई दार उघडून स्वतः बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “इकडे या, दादा.”

त्यांनी त्याला आतल्या बोळात नेलं. तिथे काचेचं दार असलेली एक लहानशी खोली होती, त्यात एक पडदा आणि दोन खुर्च्या.

“हे मी सांगायला नको. मुलाच्या परवानगीशिवाय तर नकोच. कळलं तर माझी खुर्ची जाईल. पण तुम्ही ज्याच्यासाठी धडपडताय ते धडपडून उपयोग नाही, म्हणून सांगते. आजारी माणसाचं चित्रण असलं की बाहेर देण्याआधी त्याला बोलावून दाखवतो आम्ही. तो नको म्हणाला तर देत नाही.”

“आजारी माणूस म्हणजे...”

“तुमचा मुलगा येऊन गेला. थंडीत आला होता. इथेच बसून बघितलं त्याने, काही न झाकलेलं, आवाजासकट.”

मिस्त्रीने काचेच्या दारावर हात टेकला. आत कोणत्या खुर्चीवर बसला असेल तो? डावीकडच्या की उजवीकडच्या? असले भलते प्रश्न डोक्यात येतात अशा वेळी.

“तो हो म्हणाला?”

“हो म्हणाला. त्या पोलिसाची चौकशी लागली होती. चॅनेलवाल्यांनी उठवलं होतं की पोरगं मरायला टेकलं असताना पोलीस गप्पा हाणत बसला, वेळ काढला. पोलिसाने अहवालात लिहिलं होतं, मशीन अडकलं. चौकशीत निघालं की मशीन ठणठणीत होतं. मग वेळ का लागला? बोलायलाच तयार नाही तो. तुमचं नाव घेतलं असतं तर सुटला असता.” बाईंनी बोळात नजर टाकली. “आजारी माणसाच्या होकाराशिवाय ते चित्रण चौकशीतही दाखवता येत नाही. ते बाहेर आलं तरच त्याची नोकरी वाचत होती. मुलाने बघितलं, आणि म्हणाला, द्या.”

“काहीच बोलला नाही? माझ्याबद्दल?”

“बोलला ना. भांडला. आमच्या नियमात आजारी माणसाचं आणि लहान मुलांचं तोंड झाकतात. ज्याने पोलिसाला बोलावलं त्याचं झाकत नाहीत. तुम्ही बोलावलं होतं, म्हणून तुमचं उघडं राहणार होतं. तर हा उठायलाच तयार नाही. म्हणाला, त्यांचं झाकत नसाल तर माझंही झाकू नका, दोघांची तोंडं सोडा बाजारात. आमचे साहेब वैतागले आणि शेवटी हो म्हणाले.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “आवाजाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही नावं काढतो, आवाज कुठे काढतो! आता जा तुम्ही. आणि मी बोलले नाही हं काही.”

मिस्त्री घरी चालत गेला. बस होती, पण बसमध्ये माणसं असतात, आणि माणसांच्या हातात फोन असतात.

थंडीत येऊन गेला होता. म्हणजे चामड्याच्या पिशवीच्या आधी. आईच्या समोर ‘तुम्ही नसता तर मी नसतो’ म्हणाला, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. मिस्त्री भर रस्त्यात थांबला. मागून येणारी हातगाडी त्याच्या घोट्याला लागली, गाडीवाल्याने आईवरून शिवी दिली, ती त्याला ऐकूही आली नाही.

पोरगा घरी होता. ओट्यापाशी उभा राहून भांडी घासत होता, पाठमोरा. आई शिलाईच्या कामावरून यायची होती. तिच्या आधी आलं की भांडी घासून ठेवायची, हा पोराने स्वतःहून लावून घेतलेला नेम.

“आज लवकर, बाबा?”

“हो.”

“चहा ठेवू?”

“नको.” मिस्त्री स्टुलावर बसला. बसल्यावर त्याला कळलं की कुठून सुरुवात करायची याचा त्याने वाटभर विचारच केला नव्हता. “मी अभिलेख कचेरीत गेलो होतो.”

पोराच्या हातातली कढई थांबली. मग पुन्हा घासणं सुरू झालं.

“सांगितलं का त्यांनी?”

“सांगितलं.”

“सांगायला नको होतं. मी बजावलं होतं.”

“तू... तेव्हाच का बोलला नाहीस मला?”

“मी कशाला बोलू? वाक्य तुमचं होतं.” पोरगा रागात नव्हता, तेच वाईट होतं. “मी वाट बघितली थोडे दिवस. वाटलं, सांगाल कधीतरी. मग वाटलं, नाही सांगितलं तरी काय बिघडलं? त्या दिवशी मलाही तेच हवं होतं, जे तुम्हाला हवं होतं. आपल्या दोघांचं एकमत होतं, बाबा. पहिल्यांदाच.” तो किंचित हसला.

मिस्त्रीला हसता आलं नाही.

“मग आज तुम्ही क्लिप पाठवलीत,” पोरगा म्हणाला. कढई पालथी घालून त्याने हात पुसले आणि पहिल्यांदा बापाकडे वळून बघितलं. “ग्रुपवर. सगळ्यांसमोर. मला धडधडायलाच लागलं. वाटलं, बापाने हिंमत केली. सांगायची ही त्यांची पद्धत असेल. तोंडाने जमत नाही, म्हणून सरळ पाठवूनच दिलं. मी गोदामाच्या बाहेर आलो, तुम्हाला फोन करायला. आणि मग खाली बघितलं तर हसरे चेहरे.”

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

“मी तुला ओळखलं नाही,” मिस्त्री म्हणाला.

हे वाक्य आदल्या वर्षीच्या वाक्यापेक्षा बरं आहे की वाईट, ते त्याला स्वतःला कळेना.

“चपला माझ्या होत्या.”

“आवाज बंद होता, तोंड झाकलेलं होतं... ‘खालीवर’वर आली होती रे, तिथे रोजच असलं काहीतरी येतं. कुणी बघत नाही नीट. बघितलं की ढकलायचं. मला वाटलं, असेल कुणीतरी.”

“होतंच की कुणीतरी.”

मिस्त्रीने दारापाशी काढलेल्या पोराच्या चपलांकडे बघितलं.

“मी चष्मा का दिला माहीत आहे? पोलीस म्हणाला, पडलास तर काच डोळ्यात जाईल. मला वाटलं, हा माणूस माझ्या डोळ्यांची काळजी करतोय म्हणजे याला मी जगणार असं खात्रीने वाटतंय. म्हणून एकेक वस्तू देत गेलो.” पोराने नळ नीट बंद केला. “त्यात हसण्यासारखं आहे, मान्य. मीसुद्धा हसलो असतो कदाचित. दुसऱ्या कुणाचं असतं तर.”

तेवढ्यात दार वाजलं आणि मिस्त्रीची बायको आत आली. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि दोघांच्या तोंडांकडे बघून म्हणाली, “काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाही गं आई,” पोरगा पटकन म्हणाला. बापाकडे बघून त्याने मान हलवली. नको, अशी. बापाला ती मान नीट कळली. पोरगा त्याचं तोंड पुन्हा झाकत होता. या खेपेला कुणा साहेबाशी न भांडता, घरच्या घरी.

आणि मिस्त्रीला स्वतःची अशी शिसारी आली, की आता हे झाकून घेतलं तर पुढे या घरात पाणीसुद्धा मागता येणार नाही असं त्याला वाटलं.

“अगं, ऐक,” तो म्हणाला. “बस आधी.”

“बसते कशाला? बोला ना.”

“मशीन अडकलं नव्हतं.”

“कुठलं मशीन?”

“आपलं. वरचं. त्या दिवशी. मशीन चांगलं होतं. मी ब्रेक सोडला नाही. बसून राहिलो तिथे. पोलीस वर आला तर मी म्हणालो...” वाक्य पुन्हा अडलं, कचेरीच्या खिडकीपाशी अडलं होतं तसंच. पण इथे बाजूला सरकून उभं राहायला भिंत नव्हती. “मी म्हणालो, राहू दे त्याला तिथंच. तोपण सुटेल, आम्हीपण सुटू.”

बायको उभीच होती. तिने आधी पोराकडे बघितलं. पोराने खाली मान घातली, तेव्हा तिला कळलं की याला हे नवीन नाही.

“मी खाली ओरडत होते,” ती म्हणाली. “माझा आवाज येत होता का वर?”

“येत होता.”

“येत होता,” ती पुन्हा म्हणाली, आणि भिंतीला हात लावत खाली बसली. तिने कपड्याला चिकटलेला एक दोरा ओढून काढला, बोटाला गुंडाळला, पुन्हा उलगडला. ती रडेल असं मिस्त्रीला वाटत होतं, रडली असती तर बरं झालं असतं. जाऊन जवळ तरी बसता आलं असतं.

“मग सोडलात कसा?” तिने विचारलं.

“काय?”

“ब्रेक. बसून राहिला होतात, सोडायचा नव्हता. मग सोडलात कसा? पोलिसाने काय सांगितलं असं?”

पोरगा ओट्याला टेकून उभा होता. त्याने वर बघितलं. चित्रण बघूनही हे त्याला ठाऊक नव्हतं. कॅमेरा पोलिसाच्याच छातीवर, त्यामुळे पोलिसाचं बोट त्यात आलं ते एखाद्या काळ्या सावलीसारखं, भिंगावर क्षणभर येऊन गेलेलं. बघणाऱ्याला वाटावं, धक्का लागला.

“काही नाही सांगितलं,” मिस्त्री म्हणाला. “त्याने फक्त कॅमेऱ्यावर बोट मारलं. असं. चालू आहे म्हणून.”

“आणि तुम्ही उठलात.”

“उठलो.”

बायकोने दोरा खाली टाकला.

“आणि कॅमेरा नसता तर?” तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता, दूध आणलं का म्हणून विचारावं तसा.

पोरगा बापाकडे बघत होता. त्या बघण्यात आशा होती, आणि ती मिस्त्रीला दिसली. ‘उठलो असतो’ एवढं म्हटलं की झालं. दोघांनी मानलं असतं, निदान मानल्यासारखं केलं असतं. चित्रणात हे कुठेच नव्हतं, कुणाला मागून मिळणार नव्हतं, ताडून बघता येणार नव्हतं.

“माहीत नाही,” मिस्त्री म्हणाला.